सांधणी

मंडळीची सभा उठली तेव्हा
वहीत माझं नाव होतं.
आशेर रणपिसे, वडील म्हणून.
मी तर चपला शोधायला बाहेर गेलो होतो.

पाळकांना म्हटलं, साहेब, माझे कान
सत्तावीस वर्षांत लूमने खाल्ले.
डावीकडून कोण बोललं ते कळत नाही.
चारचौघांत उभा राहिलो की जीभ टाळूला चिकटते.
डेठे सर आहेत ना, बी.ए. झालेले, एलआयसीतले.
रूथबाई आहेत, त्यांना तर सगळं तोंडपाठ.
पाळक हसले. त्यांची बदली झाली होती,
सामान टेम्पोत चढत होतं,
हसायला त्यांचं काय जातं.

इकडे मंडळीत दोन बाकांची दोन गावं झालेली.
साळव्यांनी बोअरला मोटर बसवली,
ओहोळांच्या नळाला थेंब येईना.
सोलापूरला पाणी चार दिवसांनी, वैर मात्र रोज.
प्रभुभोजनाचा प्याला
मधल्या रिकाम्या खुर्चीपाशी यायचा
आणि तिथेच थांबायचा.

मी तीन रविवार गेलोच नाही.
रात्रपाळी मागून घेतली.
अक्कलकोट रोडची शेड, तापलेला पत्रा,
शेजारच्या मागांवर चादरींत मोर उमटत होते,
माझ्यापुढे नवा बीम.
जुन्या ताण्याला नवा ताणा सांधायचा,
एकेक करत चोवीसशे धागे.
बोटांना राख लावायची, दोन टोकं
चिमटीत धरून पीळ द्यायचा.
गाठ मारायची नाही. गाठ फणीत अडकते.

आणि लाइट गेली.
सगळे माग एकदम गप्प.
ज्याने तो खडखडाट जन्मभर ऐकला
त्यालाच ठाऊक, शांतता किती मोठ्याने येते.
झुडूप पेटलं नाही. नाव कुणी घेतलं नाही.
फक्त विचारल्यासारखं झालं,
काय करतोयस?
म्हटलं, सांधतोय.
म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी पाठव, बापा.
उत्तर नाही.
मग मी चिडलोच. चांगला पाऊण तास भांडलो,
एकटाच, ओरडून, बहिऱ्यासारखा.
बोटं तेवढी थांबली नव्हती.
न बघता एका टोकाला दुसरं
सापडत गेलं.
लाइट आल्यावर मोजले. एकशेदहा.
ओढून पाहिले. एकही सुटला नाही.

रविवारी गेलो. नखांत राख तशीच.
बोलायला काही नव्हतं माझ्याकडे,
म्हणून मधल्या खुर्चीवर जाऊन बसलो.
साळव्यांच्या हातून प्याला घेतला,
ओहोळांकडे वळलो. हात कापत होता,
माझा की त्यांचा, कोण जाणे.
म्हातारे ओहोळ काहीतरी पुटपुटले,
नेमके डाव्या बाजूने.
मला ऐकू आलं नाही.
जरा मोठ्याने बोला, मी म्हटलं.

आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं,
साळव्यांकडे बघून,
सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं.