एक वीत माती

कंत्राटदार म्हणाला, काम सोपं आहे.
एक वीत माती खरवडायची, ड्रममध्ये भरायची,
झाकण लावायचं, वर पिवळा आकडा.
माती खरवडणं आम्हाला काय शिकवता,
असं वनमाला कुमरे म्हणाली
आणि आठ दिवसांत शिकली
की ही माती कपाळाला लावायची नसते.

मे महिना. पांढऱ्या सूटात घामाचं तळं,
बुटात पाय हरभऱ्यासारखे शिजतात.
तारेच्या आत पाणी प्यायचं नाही,
खर्रा खायचा नाही.
सूर्यभान मसरामला खर्ऱ्याचंच दुःख जास्त.

इथं काय बनायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.
बाबा गेटवर होता. म्हणायचा, भुकटी.
कशाची?
“फुटायची.”
एवढ्या एका शब्दावर त्यानं पंचवीस वर्षं डबा नेला.

साहेबाच्या हातातली डबी मातीशी बोलते.
कट्. कट्, कट्.
नाल्याजवळ जरा जास्त.
मोहाखाली गेली
तर तापल्या कढईतल्या लाह्यांसारखी.

साहेब झाडाकडे बघत राहिला,
मग आम्ही सगळेच.
त्या मोहाच्या दोन फांद्या माझ्या आईच्या वाट्याच्या,
बाकीच्या वनमालाच्या सासूच्या.
ती फुलं आम्ही वाळवली, उकडली, विकली, प्यालो.

झाड कापलं.
खोडाचे सोळा ड्रम, फांद्यांचे नऊ,
खालच्या वाळक्या फुलांचा एक, दोनशे बारा नंबर.
वनमालानं झाकण आवळलं
आणि सवयीनं वरून हात फिरवला,
हातमोज्यासकट.

खड्डा, सिमेंट, वर मुरूम.
मग साहेब विचारात पडला:
बोर्डावर काय लिहावं?
दहा हजार वर्षांनी कोणी आला तर त्याला कळावं असं.
मराठीत? की नुसती कवटी?

देवराव तारेबाहेर बकऱ्या घेऊन उभा होता.
त्यानं टेकडीकडे बोट केलं.
“ते दगडाचं रिंगण दिसून राह्यलं का, साहेब?
तेबी कोनंतरी काई सांगाले मांडलं असंन.
माह्या बापानं त्यातले चार गोटे विहिरीले नेले.
पानी गोड हाय.”

साहेबानं वही मिटली.

रोज संध्याकाळी तीन आंघोळी.
डबी अंगावरून फिरते.
केस गप्प, छाती गप्प,
उजव्या अंगठ्याचं नख: कट्.
काही नाही, साहेब म्हणतो, कापून टाक.
कापलं. नख पिशवीत, पिशवी ड्रममध्ये.
तेवढा मी तिथंच आहे.

आता फाल्गुन. बोर्ड अजून चकचकीत.
पहाटे अस्वल तारेपाशी येतं,
मोह होता तिकडे नाक वर करून
बराच वेळ उभं राहतं.

आईही उठते चारला.
टोपली घेते, अंगणापर्यंत येते,
मग टोपली पालथी घालून
तिच्यावरच बसते.