डावं-उजवं

मारिकिनात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
त्यांचा कारखाना. भिंतीवर पुराची रेघ,
तपकिरी, माझ्या खांद्याच्याही वर.
पहिल्या दिवशी मी लॅपटॉप खालच्या बाकावर टेकवला,
तर नेनितानं काही न बोलता
उचलून रेघेच्या वर ठेवला, फळीवर.
मग मीही उभ्यानंच काम केलं.

काम तसं सरळ होतं.
चाळीस जोड, सहा रंग, पाच ते बारा मापं,
उजव्या कोपऱ्यात टोपलीचं चित्र,
पैसे भरेपर्यंत तीन टिचक्या.
चौथी नको. चौथ्या टिचकीला माणूस परत फिरतो,
हे मी बऱ्याच ठिकाणी शिकवून पैसे घेतलेत.

तिचे वडील, तेओफिलो,
डिंकानं कडक झालेल्या बोटानं
पडदा खालीवर सरकवायला शिकले
आणि पहिलंच विचारलं,
"हे बूट उभे कशावर आहेत?"
मी सावल्या पुसल्या होत्या.
पांढऱ्यावर नुसता बूट, स्वच्छ दिसतो, सगळे तसंच करतात.
"जमीनच नाही," ते म्हणाले, "तर बूट कशाला?"
त्या रात्री चाळीस सावल्या परत काढल्या.
बिलात लावल्या नाहीत.

शोधायच्या चौकटीत मी लिहून ठेवलं होतं: लोफर, पंप, सँडल.
नेनितानं फोनची वही पुढे केली.
लोक असं विचारत नाहीत.
लोक विचारतात, दिवसभर काउंटरमागे उभी असते, चावणार नाहीत असे आहेत का.
बाप्तिस्म्याला काळे, पण नंतर शाळेलाही चालतील असे.
नवऱ्याला न कळता आणायचे, खोक्यावर नाव नको.

आणि मग ते मला कलबुतांकडे घेऊन गेले.
छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लाकडाचे पाय,
प्रत्येक टाचेवर शाईनं नाव.
हा नोटरी. ही पोस्टातली बाई.
हा वारला, पण मुलगा तोच पाय घेऊन आलाय.
हे एक पुरात वाहून गेलं होतं,
दोन पुलांपलीकडे चिखलात सापडलं,
नाव वाचून कुणीतरी सायकलवर आणून दिलं.

शेवटी सुतळीनं एकत्र बांधलेली दोन.
डावं पाच, उजवं सात.
"सेलेस्तीना. गणिताच्या बाई.
लहानपणी ताप आला होता.
हिनं तुझ्या यादीत कुठं टिचकी मारायची?"

मी सांगितलं: माल जोडीनं मोजला जातो,
साठा जोडीनं उतरतो, यंत्राला अर्धी जोडी कळत नाही.
बाकीचे लोक काय करतात?
दोन जोड घेतात, म्हटलं. एकेक टाकून देतात.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
सुतळीची गाठ सैल झाली होती, ती ओढून घट्ट केली.

डावं-उजवं करू नये, असं लहानपणी सांगतात.
मी केलं. एका मापाच्या जागी दोन चौकटी,
डाव्या पायाची एक, उजव्याची एक,
दुसरी आपोआप पहिल्यासारखी भरणारी,
म्हणजे ज्यांचे पाय सारखे
त्यांना कळूही नये.

त्यांना कळलं.
पहिल्या आठवड्यात सात जणांनी लिहिलं, हे काय आहे?
अकरा टोपल्या अर्ध्यात सोडून गेल्या.
नेनिता म्हणाली, काढून टाक, ही चौथी टिचकीच झाली.
तिचं चुकत नव्हतं. कामगार पाच, पगार शनिवारी.
मी म्हटलं, सोमवारी काढतो.

रविवारी रात्री ताक्लोबानहून एक ऑर्डर आली.
काळे, पट्ट्याचे. डावा आठ, उजवा साडेसहा.
नाव ओळखीचं नाही. सूचनांची जागा कोरी.

सकाळी नेनितानं तो कागद छापून वडिलांना दिला,
मग माझ्याकडे वळून म्हणाली,
राहू दे आठवडाभर.
आणि हे जाहिरातीत घालता येईल का?
मी तोंड उघडलं, काय उत्तर द्यावं ते सुचेना.

तेओफिलो फळीवर चढले होते.
"फोन नंबर दिलाय का?" त्यांनी वरूनच विचारलं,
"कुठं चावतो ते विचारायला हवं,"
आणि खिशात हात घालून
सुतळी चाचपू लागले.