दोन पट्ट्या खाली

तुर्कूहून बोट सुटते रात्री पावणेनऊला.
सातव्या डेकवर, सेंटच्या दुकानाच्या बरोबर वर,
रेइयो हाल्मे गातो आता.
याच माणसासाठी आम्ही एकदा
नायलॉनच्या मोज्यांत चार तास बर्फात उभ्या होतो
आणि साधी शिंकही आली नव्हती.

आता ऑइली आधी खुर्ची बघते.
स्पीकरपासून लांब, बाथरूमपासून जवळ,
आणि जिथून त्याचा डावा गाल दिसेल अशी.
उजवीकडच्या दातांचं काम बिघडलंय,
हे आम्हाला ठाऊक आहे,
घरातल्या माणसाचं ठाऊक असतं तसं.

चौऱ्याऐंशी साली त्यानं सिंथेसायझरची रेकॉर्ड काढली.
कोणी घेतली नाही. मी दोन घेतल्या,
एक ऐकायला,
एक त्याची कड घ्यायला.

पहिल्याच ओळीला कळलं:
गाणं दोन पट्ट्या खाली आलंय.
मागच्या वर्षी एकच होती.
आम्ही एकमेकींकडे बघितलं, बोललो नाही.
आम्हीही उतरलोच की,
मी चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर,
ऑइली दुसऱ्या नवऱ्यावरून मांजरावर.

वरच्या सुराला त्यानं माईक आमच्याकडे केला.
पूर्वी हा माज होता, आता उसनवारी.
आम्ही दिला तो सूर, चाळीसेक बायका, सात-आठ पुरुष,
कडेनं फाटलेला का होईना.
समुद्र जरा खवळला होता,
त्याच्यावर ढकलता आलं.

नंतर तो सह्यांच्या टेबलाशी बसला, चष्मा कपाळावर.
मी पर्समधून बटण काढलं. पितळी, नांगराचं.
"राउमा, शहात्तर. शाळेची व्यायामशाळा.
शेवटी तुम्ही कोट भिरकावलात, आणि हे माझ्या वाट्याला आलं."
बाळंतपणात ते माझ्या उशीखाली होतं.
नवऱ्याला सांगितलं होतं, आजोबांचं आहे, ते जहाजावर असत.

त्यानं बटण दिव्याखाली धरलं.
"राउमाला मी नव्हतो," तो म्हणाला.
"गालगुंड झाले होते, आई सोडेना.
मॅनेजरनं माझ्या चुलतभावाला उभं केलं. वेइक्कोला.
केस तसेच होते आणि दिवे कमी.
कुठं बोलायचं नाही असं ठरलं."

मागे रांग खोळंबली.
बोट कशाला तरी घासत गेली, बर्फ असावा.
मला राग यायला हवा होता.
शोधला, सापडला नाही.

"कुठे असतात ते?"
"नव्वद साली गेला. कोटकाला, लाकडाच्या गिरणीत होता.
पुन्हा कधी गायला नाही."
मग हळूच, निकाल विचारणाऱ्या पोरासारखं:
"कसा गायला तो?"
इतक्या वर्षांत कोणाला विचारणार?
विचारलं असतं तर उघड झालं असतं.

"बरा गायला," मी म्हटलं. "वरच्या सुराला घाबरला.
हात कापत होते. माईक आमच्याकडे केला,
आणि आम्ही सगळ्या गायलो."

रेइयो बराच वेळ बटणाकडे बघत राहिला.
"पुढच्या गावी लोक त्या जागी आपणहून गायले," तो म्हणाला.
"मला वाटलं, ही माझी जादू.
तेव्हापासून मी तसंच करत आलो."

बटणावर सही होत नाही.
बोटीच्या तिकिटावर त्यानं दोन नावं लिहिली,
त्याचं सवयीचं, वळणदार,
आणि खाली वेइक्को हाल्मे,
पहिलीतल्या मुलासारखं, एकेक अक्षर थांबून.

ऑइली बूट काढून बसली होती.
"एवढं काय बोलत होता?"
राउमाला त्यानं तिला डोळा मारला होता.
दर फेरीला ती हे सांगते,
आणि दर फेरीला तो डोळा जरा जास्त निळा होतो.
"काही नाही," मी म्हटलं आणि तिकीट पर्समध्ये सरकवलं.
"राउमाची आठवण काढत होता."