रेघ

महाराणी रोडला तीन फेऱ्या झाल्यावर
गोदामवाला म्हणाला, भिया, आखरी नग है,
आणि पेंढ्यातून वीस इंची ट्यूब काढली,
मानेखाली हात धरून.

डगावकरबाईंचा सेट माझ्या बाकावर उघडा.
आधी ॲनोडची टोपी. तारेचं एक टोक चॅसीला,
दुसरं पेचकसाला. चट्.
काल दोन मिनिटं लावून पाहिला होता,
तेवढ्यावर एवढा राग.

जुन्या काचेत मधोमध आडवी रेघ, जळालेली.
चित्र मिटून रेघ झालं असेल एखाद्या रात्री
आणि कोणी बंद केला नसेल.
"ह्यांनी करू दिला नाही," बाई म्हणाल्या.
"मॅच होती. रेघेकडे बघत ऐकली सगळी,
हरेपर्यंत."
मग म्हणाल्या, ही मला घरी हवी.

अशी देता येत नाही. आत पोकळी असते,
फुटली तर डोळे घेते.
मानेच्या टोकाची काचेची चोच
पक्कडीत धरली, मोडली.
बारीक सीऽऽ. बराच वेळ.
एकोणचाळीस वर्षं काहीच नसलेल्या जागेत
रामबागेतली हवा शिरत होती,
शेजारच्या कढईतल्या शेवेच्या वासासकट.
मानेवरचा चांदीचा डाग दुधाळ झाला.
संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

नवी तापायला अर्धा मिनिट.
नुसत्या मुंग्या. धरायला आता स्टेशनच नाही कुठलं.
"चालेल," बाई म्हणाल्या, "कडेपर्यंत भरलाय."

भाचा स्कूटर घेऊन आला.
जुनी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली त्यांनी,
तोंड स्वतःकडे.
सेट काय, गुरुवारी नेते म्हणाल्या.