आकडा

उपासना साडेआठची. मी आठ चाळीसला,
मागच्या बाकावर, जिथे पंखा पोचत नाही
आणि कोणी शास्त्रपाठ वाचायला उठवत नाही.

पाळक उजागरे म्हणतात, डोळे मिटूया.
मी मिटतो.
लगेच आतल्या आत दुकानाचं शटर उघडतं:
टिंबर मार्केटमागची गल्ली, सोल्डरचा धूर,
शेलारांचा पाच किलोचा काटा अजून तसाच,
गॅस संपत आलाय, हेलनच्या फीची तारीख,
आणि पुढच्या माणसाची कॉलर मागून उसवलीय,
सांगावं की नाही?
'आमेन' येतं तेव्हा
मी कॉलरपाशी असतो.

प्रभू, माझ्या प्रार्थनेचं वजन मला विचारू नकोस.
धंदाच माझा तो.
सव्वीस वर्षं लोकांचे काटे शून्यावर आणतोय,
माझा येत नाही.
रिकामा असतानाही काहीतरी दाखवत राहतो,
चाळीस ग्रॅम, पन्नास,
कशाचे, कुणास ठाऊक.

आणि ती गुळाची गोष्ट.
तुला माहीत आहे, तरी आडून आडून सांगतो.
मार्केट यार्डातले धुमाळ म्हणाले,
"योनाभाऊ, किलोमागे वीस ग्रॅम. कोण बघतंय?"
मी इकडे तिकडे पाहिलं,
जसं काही बघणारा शेजारच्या गाळ्यात असतो.
सील तोडलं. आठशे रुपये.
पाचशेची एक, शंभराच्या तीन.
त्यातली एक शंभराची दानाच्या पिशवीत टाकली.
पिशवी पुढे सरकली.
काहीच झालं नाही,
तेच जास्त झालं.

सोमवारी जाऊन निस्तरायचं ठरवलं.
सोमवारी स्कूटर पंक्चर.
मंगळवारी पंक्चर नव्हती, तरी गेलो नाही.
बुधवारी किक मारून मारून पाय गळाला, म्हणून बस.
सातारा रस्ता खोदलेला, बस वळवली,
मला डुलकी लागलेली,
जाग आली तर खिडकीत
धुमाळांची पाटी. बस अडकलेली. पुढे ट्रक, मागे ट्रक.
मांडीवर हत्यारांची पिशवी.
मी गेलो नाही रे,
नेला गेलो.

बोललो काही नाही. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो.
काटा उलटा केला, चार स्क्रू,
वीस ग्रॅम होते तिथे परत ठेवले.
नवं सील माझ्या हातात नसतं, त्याला साहेब लागतो.
खिशात निघाले साडेसहाशे.
"दीडशे राहिले," मी म्हणालो.
"ताप आहे का तुम्हाला?" धुमाळ म्हणाले,
आणि चहा माझ्याकडे न सरकवता प्यायले.
गिऱ्हाईक गेलं. सतरा वर्षांचं.

दुकानात बापाचा पितळी तराजू टांगलाय, विकत नाही.
बाप म्हणायचा, पारड्यांकडे काय बघतोस,
वरचा आकडा बघ.
दोन्हीकडचा भार तोच घेतो.
मी आकडा म्हणजे संख्या समजत आलो.
किती मिनिटं उशीर, कितीदा मन भटकलं,
किती ग्रॅम कमी पडलो,
माझ्याच वहीतली माझी बेरीज.
तो लोखंडी, तुळईत ठोकलेला,
त्याच्याकडे मान वर करून बघायचं
राहूनच गेलं.

आज रात्री गुडघे टेकले.
"प्रभू," म्हणालो, आणि दीडशे रुपये आठवले.
परत "प्रभू," आणि सिलिंडर.
परत.
गल्लीतून लाकडाचा ट्रक गेला
की अंधारात तो तराजू हलत असेल,
कुरकुरत असेल.
हलू दे. टांगलेला आहे.

कॉलरचं त्याला रविवारी सांगतो.