अर्धी म्हैस

वीज येणार म्हणून आणलेला खांब
सात वर्षं आडवा पडला होता पाड्याच्या तोंडाशी.
दिवसा त्यावर कोंबड्या,
रात्री पोरं, बाटली फिरवत.
माझा लाडक्या तिथूनच उठून गेला एका रात्री
आणि सकाळी करवंदीपलीकडे सापडला.
त्याबद्दल इतकंच.

वरठ्यांची प्रणिता, तेविसाची,
नोकरी नाही, गळ्यात शिट्टी.
वेल्डिंगवाल्याला पटवून तिनं खांब कापला,
दोन तुकडे रोवले आरेच्या मातीत,
पोती गुंडाळली,
आणि तबेल्यातला चुना मागितला माझ्याकडं.
मी म्हटलं, शेठ मोजून ठेवतो.
मग पदरातून नेला.

आठ पोरी बसतात रांगेत,
एकीचं तोंड डोंगराकडं, दुसरीचं टॉवरांकडं.
आपल्या मनानं उठायचं नाही.
पाठीवर हात पडला, कानात ‘खो’ आला,
की सुटायचं.

मी मशेरी लावत बघते.
तेरा महिने झाले.
तोही बसलेलाच होता की,
वाट बघत.
आम्ही सगळे त्याच्या मागनंच जात-येत होतो
डोक्यावर हंडे घेऊन.

एका पहाटे चुन्यावर बिबट्याचे पंजे,
मधली पाटी सरळ ओलांडून गेलेले.
‘फाऊल!’ धाकटी ओरडली
आणि अख्खा पाडा हसला,
म्हातारा जिव्या तर ठसका लागेपर्यंत.
किती दिवसांनी, ते कुणी मोजलं नाही.

परळला सामना होता.
मी गेले नाही, धारेची वेळ.
हरून आल्या, एका गुणानं,
तरी चंद्रीचं तोंड थांबेना:
आई, तीन मिनिटं दहा सेकंद
कुणाच्या हाती लागले नाही!
मला मिनिटं कळत नाहीत.
तेवढ्यात अर्धी म्हैस पिळून होते.
अर्धी म्हैस!
माझी पोर अर्धी म्हैस पळाली
शहरातल्या नऊ पोरींना चुकवत.
दुसऱ्या दिवशी धार काढताना
मी मध्येच थांबले, सडाला हात तसाच,
म्हैस वळून बघायला लागली.

खांबात वीज अजून नाही.
आता पोरांनाही खेळायचंय.
प्रणिता म्हणाली, पहाटे या, तोंडाला वास नको.
बारा येणार होते, चार आले.
एकाचे डोळे लाल, काशीरामचा धाकटा.
त्यालाही बसवलं रांगेत,
मान खाली, पाठ माझ्याकडं.

मी पाणी घेऊन मागनं चालले होते.
हात मोकळा नव्हता.
हंडा खाली ठेवला.