आकडा

दुकानातला पोरगा विचारतो,
"चोरासाठी हवीय तिजोरी, की आगीसाठी?"
रेनो स्वतःच्या बुटांकडे बघतो.
"दोन्हीसाठी," मी म्हणते.
पर्समध्ये चारशे दहा डॉलर आहेत,
त्यातले साठ टायरचे.

पोरगा बरा आहे. छातीवर पट्टी: टोबायस.
माल खपवायचा म्हणून खोटं बोलत नाही.
म्हणतो, चौदा बंदुकांची असं लिहिलंय खरं,
पण दुर्बिणी लावलेल्या असतील तर सात मावल्या तरी खूप.
म्हणतो, पत्र्याचा गेज उलटा असतो,
आकडा लहान तितका पत्रा जाड,
आणि तुमच्या पैशांत, ताई, आकडा मोठाच येणार.
म्हणतो, आगीत ही तीस मिनिटं तग धरते.
आमच्या रस्त्याला बंब पोचायला चाळीस लागतात,
तेही बर्फ नसेल तर.

मागच्या भिंतीशी एक आहे एकवीसशेची.
हिरवी, दाराला जहाजासारखं चाक.
रेनो ते एकदा फिरवतो,
खाणीत सव्वीस वर्षं ड्रिल धरलेल्या हाताने,
आणि किमतीची चिठ्ठी उलटी करून ठेवतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटेचे चार.
स्वयंपाकघरात दिवा न लावता बसला होता.
म्हणाला, "त्या कुठेतरी बंद कर, इलीन.
आणि आकडा मला सांगू नकोस."
बस, एवढंच.
एकतीस वर्षांत माझ्याकडे त्याने मागितलेली
ही दुसरी गोष्ट.

तेव्हापासून त्या बहिणीच्या तळघरात आहेत,
गालिच्यात गुंडाळलेल्या.
ती म्हणते, विकून मोकळी हो.
पण त्यातली एक त्याने चौदाव्या वर्षी
दोन हंगाम बटाटे काढून घेतलीय.
डॉक्टरीणबाईंनाही विचारलं मी.
त्या म्हणाल्या, कुलूप चांगलं. अंतर त्याहून चांगलं.
आणि त्याच्याशी बोलत राहा.
बोलते. जमेल तसं.
हवामानावर बोलते, कुत्र्यावर बोलते,
मधेच एखादं खरं वाक्य सरकवते.

टोबायसला मी एकच प्रश्न विचारला:
"बटणांचा आवाज सगळ्यांचा सारखा येतो का?"
असं आजवर कुणी विचारलं नव्हतं त्याला.
त्याने एकेक दाबून दाखवलं, शून्यापासून नऊपर्यंत.
पी. पी. पी.
मी डोळे मिटून ऐकलं.
तीनचं आणि आठचं वेगळं सांगता येईना.
"हीच द्या," मी म्हटलं.
तीनशे एकोणचाळीस, वर कर.
टायर पुढच्या महिन्यात.

रविवारी रेनोने खोलीच्या कोपऱ्यात
जमिनीला चार भोकं पाडली,
खालची तुळई बोटाने ठोकून ठोकून शोधली,
बोल्ट आवळले, मग खांदा लावून
सगळं वजन टाकून ढकलून पाहिलं.
हलली नाही.
"हं," तो म्हणाला. समाधानाने.
ज्याच्यापासून बंद करायचं
त्यानेच इतकं मन लावून काम केलेलं
मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मग तो कुत्र्याला घेऊन बाहेर गेला
आणि मी त्या पाटीसमोर बसले.
माझ्या सगळ्या तारखा त्याला पाठ आहेत.
मुलांच्या, आईच्या, घराच्या हप्त्याच्या,
गाडीची पाटी, जुना फोन, नवा फोन.
त्याला माहीत नाही असं माझं काय आहे?
अर्धा तास लागला.
शेवटी त्याच्या आधीच्या दिवसांतून उचलून आणला एक आकडा.
खोलीचा असेल, बसचा असेल, कुणाच्या दाराचा असेल.
तुम्हालाही नाही सांगणार.

आज पंधरा नोव्हेंबर. हरणांचा हंगाम उघडला.
बरं चाललंय, मार्चपेक्षा तर बरंच.
डॉक्टरीणबाई विचार करून हो म्हणाल्या, मी सोबत असेन तर.
माझा थर्मास भरलाय, माझाही केशरी कोट खुंटीवर आहे.
"उघडतेस?" तो विचारतो,
आणि न सांगता खिडकीकडे तोंड करून उभा राहतो,
शाळेत शिक्षा झालेल्या मोठ्या मुलासारखा,
मानेवरचे केस वाढलेले. कापायला हवेत.

पी. पी. पी.
"झालं?"
"थांब," मी म्हणते.